डॉक्टरचा हात

"तिथंच उभा राहा. जीभ दाखव."

कॉलेजच्या दवाखान्यातला डॉक्टर खुर्चीतून हलला नाही. शिवा दारात उभा. मी त्याला दंडाला धरलेलं. अंग तव्यासारखं तापलेलं. आमच्या आधीच्या मुलाला त्याने पाठीला नळी लावून नीट तपासलं होतं. वडिलांची चौकशीही केली होती. शिवाला आधी आडनाव विचारलं. शिवाने सांगितलं. मग जीभ लांबूनच.

गोळ्यांची पुडी त्याने उंबऱ्याजवळ टाकली.

"परीक्षा आली की तुमच्या लोकांना बरोबर ताप येतो."

बाकावरची मुलं हसली.

शिवा अक्कलकोटकडचा, मी सांगोल्याचा. दोघंही महारवाड्यातले. हॉस्टेलवर एका खोलीत. दुष्काळी कामावर खडी फोडत तो मॅट्रिक झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला उजेड सोसेना. खिडकीला मी चादर बांधली. पाणी पाजायला डोकं उचलायला गेलो, तर मान वाकेना. लाकूड झालेली. मराठी सुटली. आईशी बोलावं तसा कानडीत पुटपुटायला लागला. मला एकच शब्द कळत होता. अव्वा, म्हणजे आई.

पाठीवर घेतलं त्याला. भर दुपारी मैदान ओलांडलं. दारात थांबलो नाही. थेट आत. तपासायच्या पलंगावर, पांढऱ्या चादरीवर निजवलं.

डॉक्टर ओरडला, "उतरव त्याला! ती चादर आता धुवायला टाकावी लागेल."

"टाका की. आदी हात लावा."

"कुणाशी बोलतोयस तू?"

"तुमच्याशीच. हात लावल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय."

मी दार आणि डॉक्टर यांच्या मधोमध उभा होतो. तो उठला. शिवाच्या मानेखाली हात घातला. उचलून बघितलं. त्याचा चेहराच उतरला.

"कधीपासून असा आहे हा?"

"काल तुमी लांबनं जीभ बगितली, तवापासनं."

मग रिक्षासाठी तोच धावला.

सरकारी दवाखान्यात शिवा वाचला. मेंदूच्या तापानं कान गेले. त्याची आई खाटेशी बसून कानडीत 'लेकरा' म्हणून हाका मारायची, "मगा, ए मगा." लेक छताकडे बघत पडलेला. शेवटी ती त्याला गावाला घेऊन गेली. त्याची पुस्तकं माझ्याकडे राहिली.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "डॉक्टरांशी उद्धटपणे वागलास. माफी माग, नाहीतर हॉस्टेल सोड."

मी म्हणालो, "माफी त्यांनी शिवाची मागायची, सर. आणि मोठ्यानं मागायला सांगा. त्याला ऐकू येत न्हाय."

संध्याकाळी वळकटी उचलली. नवी पेठेच्या मागे एका गिरणी कामगाराच्या खोलीत पथारी टाकली. हॉस्टेल सोडलं. कॉलेज सोडलं नाही. ते सोडणारही नाही.

आता आमच्यातला कुणीही आजारी पडला की त्याच्याबरोबर मी जाणार. आत जाणार. दाराला आतून कडी घालणार. हात लावून तपासल्याशिवाय त्या खोलीतून कुणीच बाहेर पडणार नाही. डॉक्टरसुद्धा.