झोक्यावरचा सराव

सिंगापूरचा व्हिसा हातात पडला तेव्हा निघायला दोनच दिवस उरले होते.

माझ्या ऑफिसने आमच्या टीमला चार दिवसांची जहाजाची सहल दिली होती. सिंगापूरहून निघायचं, मलेशियाच्या किनाऱ्याने फिरून परत यायचं. घरचं एक माणूस सोबत चालणार होतं. नवऱ्याचं नाव दिलं होतं, पण त्याच्या प्रोजेक्टची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. मी चिडले, तो ओशाळला, आणि त्या धुसफुशीत मी जेवताना सासूबाईंना विचारून टाकलं, "आई, तुम्ही येता का?"

"चलो," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

मला वाटलं, थट्टा करतायत. सकाळी पाहते तो माझ्या चहाच्या कपाशेजारी त्यांचा पासपोर्ट. नणंदेकडे दुबईला जायचं म्हणून काढलेला, पण जाणं राहूनच गेलेलं.

आम्ही तेव्हा गुडगावला नुकतेच राहायला आलो होतो. सोसायटीचे दोन टॉवर उभे होते, तिसऱ्याचं काम चालू होतं, आणि घरभर बारीक रेती यायची. सासूबाई जन्मल्या ग्वाल्हेरला, लग्नानंतर सगळं आयुष्य दिल्लीत. पहाडगंजातल्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. माझा नवराही त्यांच्याच वर्गात होता. घरात त्याने आईला "आई" म्हणायचं आणि वर्गात "बाई", हे तो अजून हसून सांगतो.

व्हिसा आला त्या दुपारी आम्ही दोघी बॅग भरायला बसलो. त्यांनी सहा कडक इस्त्रीच्या साड्या, आवळासुपारीची बरणी, सुंठ आणि मेतकुटाचा डबा मांडून ठेवला होता. मी रत्नागिरीची. समुद्र आमच्या गल्लीच्या टोकालाच. त्यामुळे मी आपली सूचना देत सुटले होते: वारा फार असतो, पदराला पिन लावा, सुती साड्या दमट होतात. बोलता बोलता विचारलं, "तुम्ही समुद्रावर शेवटचं कधी गेला होतात?"

त्यांनी साडीची घडी मोडली, परत घातली.

"गेलेच नाही गं."

"म्हणजे अलीकडे?"

"म्हणजे कधीच नाही. नागपूरला गेले, इंदूरला गेले. मुंबईला जायचं दोनदा ठरलं, दोन्ही वेळा कोणीतरी आजारी पडलं."

त्याच पुढे म्हणाल्या, "पोरं विचारायची ना वर्गात, बाई, तुम्ही पाहिलाय का? पहिल्यांदा 'हो' म्हणून गेले. मग दरवर्षी म्हणावंच लागलं. एकाने विचारलं, लाटेचा आवाज कसा येतो? मी सांगितलं, यमुनेच्या पुलावरून मालगाडी जाते ना, तसा." मग माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "तसा येतो का गं?"

"पावसाळ्यात बराचसा तसाच येतो," मी म्हटलं. आणि ते खरंही होतं.

त्यांनी एक सुस्कारा सोडला. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. त्यालाही मीच शिकवलंय."

मी कबूल केलं. पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. त्यांना गाडी लागायची. दिल्लीहून गुडगावला येईपर्यंत दोनदा टॅक्सी थांबवावी लागे. मग बोट लागली तर? माझ्या ऑफिसच्या लोकांसमोर? गोळ्या आणल्यात म्हटलं, तरी त्यांचं समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सासूबाई घरात नव्हत्या. बाल्कनीतून खाली पाहिलं. मुलांच्या बागेत, लाल झोक्यावर, नवे कॅनव्हासचे बूट घालून त्या झोके घेत होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोळे समोरच्या अर्धवट टॉवरवर. मी धावत खाली गेले. सोसायटीचा गार्ड अवघडून बाजूला उभा होता.

"माताजी, ये बच्चों का है।"

"बिल्कुल. बस दस मिनट," त्या म्हणाल्या, आणि मला मराठीत, "मागून जरा ढकल. डुलल्यासारखं व्हायला हवं."

मी ढकलू लागले. शाळेच्या बसची वाट पाहणारी दोन मुलं येऊन थांबली, तर त्यांना म्हणाल्या, रांगेत उभे राहा. दहा मिनिटांनी उतरल्या, झोक्याची साखळी धरून उभ्या राहिल्या आणि स्वतःचाच अंदाज घेतला. "पोटात काही नाही," त्यांनी जाहीर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी पुन्हा सराव झाला.

निघताना नवऱ्याने बॅगा टॅक्सीत ठेवल्या, आईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "हिच्याकडे लक्ष दे गं. तुला काय, तुला समुद्राची माहिती आहे." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बघते ना मी," म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. (पुढे त्यांनी स्वतःच सगळ्यांना खरं सांगून टाकलं, म्हणून हे लिहिते आहे.)

सिंगापूरच्या धक्क्यावर पाणी अगदी संथ होतं. त्यांनी वाकून पाहिलं. "हाच?"

"नाही आई, हे नुसतं बंदर. थोडं थांबा."

जहाज बाहेर पडलं तेव्हा मला नेमकं टीमच्या मीटिंगला बसावं लागलं. त्यांना डेकवर खुर्ची देऊन मी खाली गेले, पण माझं लक्ष कुठलं लागायला. अर्ध्या तासाने हॉलचं दार किलकिलं झालं आणि सासूबाईंचा चेहरा आत आला. केस पार विस्कटलेले, पदराची पिन कुठेतरी गेलेली. पडद्यावर आमच्या साहेबांचे आकडे चालू होते. त्यांनी सरळ मला हाक मारली.

"अगं, दोन मिनिटं वर ये. पाण्याचा रंग बदललाय."

साहेब थांबले. मी उठले. माझ्यामागे आणखी दोघी उठल्या.