आत्याचे न भिजलेले वाल

रविवारी सकाळी आत्या वसईहून तुळिंजला आमच्याकडे आली. हातात पिशवी, पिशवीत ओल्या फडक्याची पुरचुंडी... ती बघूनच मी ओळखलं, घोटाळा झालाय.

माझी मुलगी सई बॉटनीत एमएस्सी करतेय. बियांमधली प्रथिनं काढून जेलवर त्यांच्या निळ्या रेघा उमटवायच्या आणि रेघा ताडून कोणती झाडं एकमेकांच्या जवळची ते बघायचं, असा तिचा प्रोजेक्ट. आत्याच्या वाडीतल्या वेलाला अर्धं गाव वाल म्हणतं, अर्धं पावटा. सईचं तेवढंच बियाणं तपासायचं राहिलं होतं... आणि लॅबमधलं मशीन सोमवारीच मिळणार होतं.

फोनवर मी आत्याला एवढंच म्हणालो होतो, "सईला तुझे वाल हवेत."

वाल हवेत म्हणजे बिरडं हवं, यात तिला शंकाच नव्हती. भिजवून, फडक्यात बांधून, चांगले मोड काढून आणले होते!

सईने पुरचुंडी सोडून मोड बघितले. मोड आले की बी साठवलेली प्रथिनं खर्च करायला लागतं. मग कोरड्या बियांशी तुलना कसली...

"आत्याआजी, घरी थोडे असतील ना?"

"सगळे घातले गं बाय. यंदा वेल धरलाच कुठे नीट?"

"अगं, पेरायला तरी?" मी विचारलं.

"पोरीने पहिल्यांदा काही मागितलं. हात आखडू?"

आता मला प्रोजेक्टपेक्षा त्या वेलाचीच धास्ती वाटू लागली. इतकी वर्षं टिकलेलं बियाणं आमच्या एका फोनपायी संपलं...

शेवटी आत्या ताट ओढून वाल सोलायला बसली. मधूनच एखादा दाणा बाजूला टाकत होती. गणंग... कितीही भिजवा, पाणी न पिणारे, खड्यासारखे दाणे. दाताखाली येऊ नयेत म्हणून ती ते निवडून फेकते.

सईने एक उचलला, नखाने दाबून बघितला.

"आजी, थांब! फेकू नकोस. हे आतून कोरडेच आहेत!"

मग आम्ही सगळेच गणंग शोधायला त्या पुरचुंडीवर तुटून पडलो. निम्मे सईने पुसून कागदात बांधले, निम्मे आत्याने. "दगडावर घासून पेरीन, मग पितील पाणी," म्हणाली. तेव्हा कुठे तिचा चेहरा निवळला.

काल सईने जेलचा फोटो पाठवला. रेघा स्वच्छ उमटल्यात. वालाशी जास्त जुळतात. एवढ्यावरून ठरत नाही, असं सई बजावतेय, पण आत्याला कळवलं तर म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

आणि हो, रविवारचं बिरडं अप्रतिम झालं होतं. एकही गणंग दाताखाली आला नाही... सगळे कामाला लागले होते.