दाराजवळचा कॉम्प्युटर

तिसऱ्या दिवशीही दुपारच्या सुट्टीत आमचं क्लस्टर बंद पडलं आणि माझा संशय थेट देसाईंवर गेला.

कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत मी डिझाइन इंजिनिअर होते. वितळलेलं लोखंड साच्यात कुठे आधी गोठेल, कुठे पोकळी राहील, हे कॉम्प्युटरवर आधीच बघायचं, त्याला सिम्युलेशन म्हणतात. पुण्याचे देसाई त्यासाठी एक दणकट नवं मशीन विकायला आले होते. मी म्हटलं, कशाला? आपले आठ जुने कॉम्प्युटर केबलने जोडू, गणित वाटून घेतील. हेच ते क्लस्टर.

मालक अण्णा म्हणाले, "दोन्हीवर पंपाच्या साच्याचं एकच काम टाका. पर बाई, तुमचं जमलं न्हाय तर मशीन घेणार. त्येच्यासंगं देसायांचा मानूस बी येतोय. मग तुमचं काय काम?"



आठातला एक बंद पडला की बाकीचे सात नुसते बसून राहतात, गणित पुन्हा पहिल्यापासून. आणि रोज बंद पडायचा तो दाराजवळचाच. सगळे जेवायला कॅन्टीनला. मागे फक्त देसाई, काचेच्या केबिनमध्ये आपल्या मशीनपाशी डबा खात.

"काय देसाई, आमच्या कॉम्प्युटरशी काय वैर?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"मॅडम, तोंड सांभाळा."

त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, सापडला!

चौथ्या दिवशी मी जेवायला गेलेच नाही. कपाटामागे स्टूल टाकून बसले. सव्वा वाजता कर्रकर्र चपला वाजल्या. अण्णा! त्यांनी पंखे बंद केले, ट्यूब बंद केली आणि त्याच बोर्डावर एकट्या दाराजवळच्या कॉम्प्युटरचा खटका होता, तोही पाडला.

"अण्णा, हे काय केलंत?"

"आई अंबाबाई! हितं हाय व्हय तुम्ही? कोन बसलं न्हाय आन कॉम्प्युटर चालू की!"

"रोज करता?"

"मग? तुम्ही शिकलेली मानसं ध्यान देत न्हाईसा."

पुढचे दोन दिवस सुट्टीत अण्णा स्वतः त्या खुर्चीत बसले. क्लस्टरचं काम पुरं झालं, पण बंद पडलेले दिवस सोडूनही मशीनपेक्षा अर्धा दिवस जास्त लागला. अण्णांनी मशीनच घेतलं. माणूस मात्र नको म्हणाले, "आमच्या बाई हायत की."

मान खाली घालून मी देसाईंची माफी मागायला गेले. ते डबा बंद करत म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी अण्णांना बघितलं होतं, मॅडम. पण ऑर्डर मिळायच्या आधी मालकाचं नाव कोण घेतो?"

मशीन निवडताना वेग बघा, मेमरी बघा. आणि त्याचा खटका कुणाच्या वाटेवर आहे, तेही बघा.