हौसाबाईचं कपाळ

कामतघर गावातल्या तुळशीरामच्या फोटो स्टुडिओतून कोणी होतं तसं बाहेर पडत नसे. पॉवरलूमवरून आलेल्या कामगाराच्या केसातला कापूस, गालावरचा व्रण, डोळ्यांखालचं काळं, सगळं तो कॉम्प्युटरवर पुसून टाकी. भारी फोटो तोच, जो बघून माणसाला स्वतःची लाज वाटत नाही, असं तो तीस वर्षं सांगत आला. माझं झेरॉक्सचं दुकान शेजारीच. मला ते पटत नसे, पण वाद कुठल्या तोंडाने घालणार? माझाही फोटो त्यानेच गोरा करून दिला होता.

आमच्या गल्लीतल्या लडकूच्या मुलाच्या हळदीला नाक्यावर बॅनर लागणार होता. त्यासाठी लडकूची आई हौसाबाई फोटो काढायला आली. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, लहानपणी टोचून घेतलेलं. तुळशीरामने ते पुसलं, सुरकुत्या काढल्या आणि मूळ फोटो नेहमीसारखा डिलीट केला. बॅनर बघून घरचे खूश झाले. म्हातारी मात्र त्याखाली उभी राहून विचारत होती, ही कोण? तिला विसर पडायला लागला होता, म्हणून सगळे हसले. मीही हसलो. त्याची आता शरम वाटते.

दिवाळीनंतर एका सकाळी ती घरातून निघून गेली. तिचे बाकीचे फोटो घोळक्यातले, पदराआड निम्मा चेहरा. म्हणून लडकूने बॅनरचाच फोटो पोलिसांना दिला, मोबाइलवर गावोगाव पाठवला. सातव्या दिवशी पडघ्याला हायवेच्या पुलाखाली ती मेलेली सापडली. समोरचा चहावाला सहा दिवस तिला चहा-पाव देत होता. फोटो त्याच्याही मोबाइलमध्ये आला होता. पण फोटोतल्या बाईचं कपाळ कोरं आणि ही गोंदलेली, मग तीच ही असेल असं वाटणार कसं, असं तो लडकूला म्हणाला.

दहाव्यासाठी फोटो हवा होता. लडकू आला तेव्हा मी स्टुडिओतच होतो. मला वाटलं, आता तो तुळशीरामची गचांडी धरणार. तो खुर्चीत बसला.

"दादा, या टायमाला माझी आय हाय तशी दे."

तुळशीरामने तो पुसलेला चेहरा स्क्रीनवर उघडला आणि हिरवा रंग घेतला. कपाळावरची उभी रेघ कशीबशी काढली. हनुवटीशी येऊन त्याचा हात थांबला.

"लडकू, इथे ठिपके तीन होते का पाच?"

पन्नास वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलेला माणूस.

"मी कधी नीट बघितलंच न्हाय," तो म्हणाला.