मोठी अक्षरं

रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर सायमनकाका माझं पत्रक हातभर लांब धरून वाचत होते. आमचा पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या शेकडो वर्षांपूर्वीच्या धर्मसुधारकाने गळफास घेतला, ही विरोधकांची थाप मी त्यात खोडून काढली होती. तो अंथरुणावर, आपल्या माणसांत, प्रार्थना करत गेला.

“अरेरे, फास लावून घेतला होय त्यानं?”

“काका, खोटं आहे ते! खालचं वाचा की.”

“चष्मा घरी राहिला रे. मोठं तेवढं दिसलं.”

लोक थांबावेत म्हणून मोठ्या ठशात मी आरोपच छापला होता. थाप मारणारे कधीच मेले. त्यांचं काम आता मी करतो. थकवा येतो तो याचा. उरलेला गठ्ठा काखेत मारून निघालो. मागे काका कुणाला तरी सांगत होते, “बिचारा! फास लावून घेतला म्हणे.”