हॉलमधलं स्कॉटलंड

डोंबिवलीत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये स्कॉटलंड आहे. हॉलच्या खिडकीखाली, आठ फुटी प्लायवर. ते उभारलंय महेंद्ररावांनी. ठाण्याच्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते, आणि तिथे रद्दीत निघालेल्या स्कॉटलंडवरच्या एका सचित्र पुस्तकाने त्यांना जे झपाटलं ते कायमचं. स्कॉटलंडला ते गेलेले नाहीत, पासपोर्टसुद्धा नाही. पण ग्लेनमोरी गावाकडे जाणारा रेल्वेचा फाटा कुठे वळतो आणि इंजिन पाण्यासाठी कुठे थांबतं, हे त्यांना विचारून बघा, संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. असं गाव नकाशात नाही, असं मी एकदा म्हणालो. "म्हणून तर बांधावं लागलं," म्हणाले.

डोंगर प्लॅस्टरचे, गवत म्हणजे रंगवलेला भुसा, मेंढ्या कापसाच्या. मेंढ्यांची तोंडं आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांवर गेली आहेत, पण तसं बोलायची सोय नाही.

या मुलखात कायदा एकच, वर काही ठेवायचं नाही. आता आपल्या घरात सपाट जागा दिसली की तिथे कपड्यांच्या घड्या नाहीतर भाजीची पिशवी येऊन बसणारच. दर्शनावहिनींनी एकदा मटाराची परात डोंगरावर टेकवली, तर घरात अबोला झाला. मेव्हण्याने तळ्यावर हेल्मेट ठेवलं, त्याला चहा न पाजताच वाटेला लावलं.

यंदा मात्र वहिनी हवालदिल होत्या. एकुलत्या एक प्रियांकाचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. मग राजरत्नचं स्थळ आलं. घोडबंदर रोडला फ्लॅट, चांगली नोकरी, आणि फोनवर बोलून प्रियांकालाही तो बरा वाटलेला. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं वहिनींनी ठरवूनच टाकलं.

"अहो, एक दिवस ते उचला ना. लोक म्हणतील, सासरा खेळण्यांशी खेळतो."

"उचललं तर डोंगर फुटतील," महेंद्रराव म्हणाले. शेवटी वर चादर घालायचं ठरलं.

मुलीकडून चार माणसं दिसावीत म्हणून मलाही बोलावलं होतं. चादरीमुळे हॉलमध्ये कुणीतरी आजारी झोपलंय असं वाटत होतं. जय भीम, या, बसा झालं आणि मुलाच्या आईने दबक्या आवाजात आजाऱ्याची चौकशी केली. चादर काढावी लागली. मंडळी मनापासून हसली, राजरत्नने फोटोसुद्धा काढला. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन.

पोहे झाले, चहा आला. टीपॉय बशांनी भरलेला. बोलता बोलता राजरत्न कप ठेवायला जागा शोधू लागला आणि त्याचा हात ग्लेनमोरीच्या फलाटाकडे गेला.

वहिनींनी डोळेच मिटून घेतले. महेंद्रराव उठले. फलाटावरचा स्टेशनमास्तर आणि तीन प्रवासी त्यांनी चिमटीने उचलले, शर्टाच्या खिशात घातले आणि म्हणाले, "ठेवा ना, ठेवा."

संध्याकाळी मुलाकडून होकार आला. वहिनी मला पेढा द्यायला उठल्या, तेवढ्यात प्रियांका म्हणाली, "माझा नकार कळवा."

"अगं, एका कपापायी?" महेंद्ररावांचा आवाज रडवेला झाला होता.

"कपाचं काही नाही, पप्पा. त्याला कुठे माहीत होतं? पण तुम्ही 'ठेवा' म्हणालात. माझं लग्न मोडेल म्हणून एवढे घाबरलात तुम्ही. तुम्हाला असं घाबरवून मला लग्न नाही करायचं."

मला वाटलं, आता वहिनी आकाशपाताळ एक करणार. त्यांनी हातातला पेढ्यांचा बॉक्स खुर्चीवर ठेवला, स्वयंपाकघरातून ओला फडका आणला आणि फलाटावर उमटलेला चहाचा गोल डाग हळूहळू पुसायला लागल्या.

"अहो," त्या मान वर न करता म्हणाल्या, "ती माणसं द्या इकडे."