साडूभाऊंची टाकी

मैल्याविषयी इतक्या आदराने बोलणारा माणूस साडूभाऊंखेरीज उभ्या जर्मनीत नसेल. नोकरी वाल्डॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. पण जवळच्या खेड्याच्या टोकाला त्यांनी जुनं घर घेतलं, गावाचं गटार तिथवर पोचलेलं नाही हे कळलं, आणि त्यांच्या आयुष्याला खरा विषय मिळाला. सेप्टिक टाकीतल्या जंतूंचं नाव ते एखाद्या उस्तादाचं घ्यावं तसं, कानाला हात लावून घेत. पानात वरण पडलं की गाळ कसा खाली बसतो ते सांगू लागत. "अहो, पुरे!" माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, ओरडे. ते दोन घास गप्प राहत, मग पुन्हा सुरू.

एके दिवशी टाकी गळते आहे असं निघालं. अधिकाऱ्याने बजावलं, नवी बसवा, नाहीतर या घरात राहता येणार नाही. आवार टीचभर. कुंपणापासून नियमाचं अंतर सोडलं तर टाकीला जागाच उरेना. 'आउसनामे', म्हणजे नियमातून सवलत, मिळण्यासारखी होती; पण शेजारणीची लेखी संमती हवी. ती एकटी राहणारी म्हातारी. साडूभाऊ केक घेऊन गेले, सोबत मला नेलं, आणि तिला सगळं समजावलं, अर्थात जंतूंसकट.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग कुंपणालगतच्या आपल्या चेरीच्या झाडाकडे बघत विचारलं, "खणलं तर याची मुळं तुटतील?"

"तुटतील," साडूभाऊ म्हणाले. "झाड बहुधा जगणार नाही."

"माझा नवरा याच्याखाली खुर्चीत बसल्या बसल्या गेला." तिने पेनासाठी हात पुढे केला. "पण तुम्हाला घर सोडावं लागेल, नाही का? द्या, सही करते."

साडूभाऊंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "नको. मी दुसरी जागा बघतो."

दुसरी जागा एकच होती, रस्त्याकडची काचेची पडवी. हिवाळ्यात तिथे ऊन येतं, केवळ एवढ्यासाठी त्यांनी ते घर घेतलं होतं. ती त्यांनी पाडली. आता सवलत रस्त्याच्या बाजूने मागायची होती. शेजारणीने नकार दिला का, असं कचेरीत विचारलं. "छे, माझाच विचार बदलला," ते म्हणाले. सवलत मिळाली, टाकी बसली, घर राहिलं.

पुढे म्हातारी मुलाकडे म्युनिकला गेली. तिचं घर घेतलेल्या तरुण जोडप्याने गाडी लावायला जागा हवी म्हणून आल्या आल्या चेरी तोडली. करवतीचा आवाज ऐकून मेहुणी तावातावाने बाहेर आली.

"अहो, बघा! याच्यासाठी आपली पडवी घालवलीत?"

साडूभाऊ ओंडके उचलले जाताना बघत होते. "तेव्हा ती रोज तिथे बसायची ना," एवढंच म्हणाले.

हिवाळ्यात आता ते स्वयंपाकघरात दिवा लावून वाचत बसतात. ऊन बाहेर टाकीच्या झाकणावर पडतं.